मागच्या रांगेतला आवाज

"लांबचं म्हणू का जवळचं, काका?"

माईकसमोर उभा राहिला की त्याचा हा प्रश्न ठरलेला. माण तालुक्याच्या माळावर मेंढरांमागं वाढलेलं पोर. त्याच्याकडं आवाज दोनच होते. एक टेकाडापलीकडच्या भावाला हाक मारायचा आणि दुसरा कोकराच्या कानात बोलायचा. गाताना तो डोळे मिटून डावा हात कानामागं धरायचा, पलीकडून उत्तर यायचं असल्यासारखा. सांगलीतल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या होत्या. तिथं उत्तर कुठून येणार? तरी कडवं संपलं की तो क्षणभर थांबून ऐकायचा. नंतर नंतर मीही थांबायला लागलो.

'धडक फाईव्ह' हा पाच पोरांचा बँड तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तीन कॅसेटी, चकचकीत जॅकेटं, पांढरे बूट. एके काळी आमच्याकडच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या प्रत्येक वडापच्या जीपमध्ये तीच गाणी वाजत. बँड मोडला, सगळे विसरले, आणि आता ती गाणी मोबाइलवर परत आली आहेत. परवा एका कार्यक्रमाच्या आयोजकांचा फोन आला. बँडच्या मुख्य गायकाचा सत्कार आहे, त्याच्या आवाजाबद्दल चार शब्द बोला म्हणाले. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या मुख्य गायकानं त्या कॅसेटींत एकही ओळ गायलेली नाही. तिन्ही कॅसेटींतला आवाज मागच्या रांगेत डावीकडं उभ्या राहणाऱ्या या मेंढपाळाच्या पोराचा आहे. ही लबाडी माझी. पुढचा पोरगा देखणा, केस कपाळावर रुळणारे, आणि त्याच्या वडिलांचं पलूसला कापडाचं दुकान होतं. बँडचा खर्च तेच करत. मागच्याच्या तोंडावर कांजण्यांचे खड्डे होते. मी एकाचा चेहरा घेतला, दुसऱ्याचा आवाज घेतला आणि जोडून दिलं.

जत्रेत आम्ही टेप लावायचो. पुढचा ओठ हलवायचा, बाकीचे नाचायचे, माईक सगळे बंद. मागच्याला मी एकच नियम घालून दिला होता. स्टेजवर चढल्यापासून उतरेपर्यंत घशातून आवाज काढायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही.

तो नियम त्यानं चेष्टेवारी नेला. शिराळ्याला पुढचा पोरगा भर गाण्यात दोनदा शिंकला आणि गाणं सुरूच राहिलं. खाली उतरल्यावर मागचा म्हणाला, "बघा काका, माणूस आजारी पडला तरी माजा आवाज लय निरोगी हाय." जेवताना पुढच्याच्या ताटात वाढायचा, "खा रं गड्या, तुज्या तोंडात माजा गळा हाय." आम्ही हसायचो. पुढचा हसायचा नाही.

एकदा मात्र आमचं हसू गेलं. एका गावात चालू गाण्यात टेप अडकली आणि स्पीकर गप्प झाले. पुढच्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी टेपवर वाकलो तोच गाणं पुन्हा सुरू झालं, त्याच सुरात, सोडलेल्या शब्दापासून. मी मान वर केली. टेपची चक्रं थांबलेलीच होती. मागच्यानं डोळे मिटून हात कानामागं धरला होता आणि त्याचा लांबचा आवाज अख्ख्या मैदानावर पसरला होता. लोकांना वाटलं, पुढचाच वाद्यांशिवाय गातोय. पुढच्यानं भानावर येऊन ओठ हलवायला सुरुवात केली. मी त्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिलो.

कार्यक्रम झाल्यावर मी त्याला शाबासकी द्यायची सोडून झापलं. नियम मोडला म्हणून. "चुकलं," एवढंच तो म्हणाला.

मग त्याच्याच गावची जत्रा आली. त्यानं आईला सांगून ठेवलं होतं, माजं गाणं ऐकाय ये. दिवस कलताना कार्यक्रम सुरू झाला. आई बायकांत पुढं बसली होती. मी टेप लावली. पहिल्या ओळीला ती हसली, दुसऱ्या ओळीला तिनं स्टेजभर नजर फिरवली, आणि तिसऱ्या ओळीला पदर सावरत सरळ स्टेजवर चढली.

"ह्या परक्या पोराच्या तोंडात माज्या लेकाचा आवाज कसा काय?"

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, खाली उतर, नाचाय आलीस व्हय?" तिनं मागच्या रांगेत जाऊन लेकाची हनुवटी धरली. "बोल. कायतरी बोल बघू."

तो बोलला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. स्टेजवर होता ना तो! नियम माझा होता, सोडवायचा मी होतो. टेप बंद करून मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण गावापुढं सगळा बनाव फुटला असता, पुढच्या जत्रांच्या सुपाऱ्या गेल्या असत्या.

मी मान खाली घातली आणि आवाज वाढवला.

स्टेजवरून उतरल्यावरही त्याचा आवाज फुटला नाही. करणी झाली, लेकाचा आवाज कुणीतरी काढून नेला, अशी तिची खात्री पटली. तिनं त्याला देवऋष्याकडं नेलं, अंगारा लावला. महिन्याभरानं तो सांगलीला माझ्या खोलीत आला, माईकपुढं उभा राहिला आणि नुसताच श्वास सोडत राहिला.

"अरे, तुला माहीत आहे ना, ती टेप होती?"

"मला ठावं हाय, काका," तो कुजबुजला. "घशाला ठावं न्हाई."

चौथी कॅसेट निघाली नाही. बँड मोडला. पुढच्याच्या घशाला त्रास झाला, असं आम्हीच पसरवलं. मागचा मेंढरांकडं परत गेला. तो तिथंही हाक मारत नाही, नुसती शीळ घालतो, असं ऐकलं होतं. मी भेटायला गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात कळपामागं चालतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

सत्काराचा फोन आल्यावर मात्र मी माणला गेलो. त्याची आई आता खूप थकली आहे. मी सगळं सांगितलं. टेप कशी लावायचो, माईक कसे बंद असायचे. करणी वगैरे काही नव्हतं हेही सांगितलं. सोबत मूळ कॅसेट नेली होती. तिच्यात गाण्यांच्या मधलं त्याचं बोलणं, खोकणं, हसणं आहे. तिची दुसरी प्रत नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी आवाज तुमच्यापाशी हुता."

मी कॅसेट तिच्यापुढं ठेवली.

"मग माघारी का न्हाई आणून दिला? पोरगं किती वर्सं वाट बघत हुतं."

तिनं कॅसेट घेतली. ती वाजवायचं यंत्र त्या घरात नव्हतं, आणि तिनं त्याची चौकशीही केली नाही. नखानं पट्टी ओढून काढत ती बाजरीच्या रानाकडं चालू लागली. पाखरं राखायला जुन्या कॅसेटींच्या पट्ट्या शेतावरून ताणायची आमच्याकडं रीत आहे. तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवायचा हक्क मला कुठला? एका बाभळीला एक टोक बांधून तिनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि पलीकडच्या बाभळीकडं बोट दाखवलं. मी ते नेऊन बांधलं.

वारा सुटला. कणसांवरून ती काळपट पट्टी थरथरली आणि घुमू लागली. बाजरीवरची पाखरं एकदम उडाली. म्हातारी रानाच्या कडेला उभी राहून ऐकत होती.