तळणाचा घसा

त्या दिवाळीत भाऊबीजेला दादाला बोलावलं, तेव्हा मी कोथरूडच्या घराचं पार हॉस्पिटल करून टाकलं होतं. खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या टेपने मोजून सहा फुटांवर, त्याचा फराळ वेगळ्या डब्यात. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मांजरी गावातून तो एकटाच आला. दारातूनच मी त्याला साबणाने हात धुवायला पिटाळलं.

"ओवाळणार आहेस की ऑपरेशन करणार आहेस?" त्याने मास्कमधून विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, कारण बोललं की खोकला येत होता. आदल्या दिवशी चकल्या तळल्या होत्या आणि तळण काढलं की माझा घसा दरवर्षी धरायचा. त्याचं कोणालाच काही वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

ओवाळून झाल्यावर भावाचं तोंड गोड करायचं असतं. तेवढ्यापुरते आम्ही दोघांनी मास्क खाली घेतले आणि मी त्याला करंजीचा घास भरवला. "बरी झालीय," तो म्हणाला. आमच्या घरात याहून मोठं कौतुक नसतं.

चौथ्या दिवशी माझा रिपोर्ट आला, मग त्याचा. मी घरीच बरी झाले. तो हॉस्पिटलमधून परत आला नाही.

वहिनी अजून माझी समजूत काढते, "तुझा घसा तळणानेच धरला होता गं, दरवर्षीसारखा." ते खरं ठरावं म्हणून मी दर दिवाळीला खिडक्या बंद करून चकल्या तळते. त्यानंतर घसा एकदाही धरलेला नाही.