मुरी की मोरी?

आक्कांना जाऊन आता महिना होत आला, पण माझं डोकं अजून एका शब्दात अडकून बसलंय. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. माणसांची ओळख दिवाळीपासूनच गेली होती, पोटच्या बाळूलासुद्धा त्या "पाव्हनं, चहा घेता का?" म्हणायच्या. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुरी..." सून अनिता लगबगीनं उठली, "आत्याबाईंना मोरीत जायचंय," म्हणत त्यांना धरून घेऊन गेली. बाळूला वाटलं, आईला मुरी, म्हणजे नदीतले ते बारके मासे, खावेसे वाटतायत. त्यानं गाडी काढली आणि गेला कोपरगावच्या बाजारात. मी तिथंच बसून राहिले, कारण मुरी हे आक्कांनी मला ठेवलेलं नाव होतं. दात नसलेल्या तोंडातून 'मु' आणि 'मो' सारखेच बाहेर पडतात हो... त्यांनी मला ओळखलं, की नुसती मोरी मागितली? आता विचारू कुणाला?

मी पारनेरकडची. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं मासा कुठला दिसायला! लग्न होऊन या गोदावरीकाठच्या गावात आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते आणि ते गावातल्या कुत्र्यामांजरांनाही समजावं अशी माझी चाल होती. काम निघालं की माझं कपाळ दुखायचं. मग आतल्या खोलीत गोधडी ओढून पडायचं, फक्त नाक बाहेर. पहिल्याच आठवड्यात आक्का दारातून ओरडल्या, "मुरी, ऊठ की आता!" मला ऐकू आलं, मोरी. मी, मॅट्रिक पास, आणि मोरी! त्या दिवशी जेवलेच नाही. (डब्यातले शेंगदाणे संपवले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.) वडील भेटायला आले तशी मी गळा काढला. वडील ओट्यावर ताठ उभे राहिले. "बाई, आमची पोर काय मोरी हाय व्हय?" आक्का हसता हसता खालीच बसल्या. मग आत गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. तळाशी वाळू, वर बोटभर पाणी. "बगा तात्या, ही तुमची लेक."

"हितं तर कायबी न्हाई."

"नीट बगा. नाक दिसतंय का? हात लावला की तेबी आत. वाळूत मुरती म्हनून मुरी."

वडिलांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खरंय की!" असा माझा वकील.

मला वाटलं, चला, अर्थ तरी कळला: कामचुकार. पण तो शब्द माझ्यापेक्षा निसरडा निघाला. भाकरी टम्म फुगली तरी "वा गं मुरी!" आणि करपली तरी "काय ही मुरी!" आमचे हे गेले, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, मी कोपऱ्यात पदर ओढून पडलेली. बायका मला उठवायला लागल्या तर आक्का म्हणाल्या, "नका हात लावू. मुरी हाय ती, यील आपसूक वर." एकदा मी सरळच विचारलं, "आक्का, ही शिवी हाय का लाड?" त्या मिशरी लावत होत्या. "माशाचं नाव हाय," म्हणाल्या आणि थुंकल्या.

बाळू त्या दिवशी बाजारातून परतला तो मिशांवाला काळा मासा घेऊन. "काकू, मासेवाली म्हनली, हीच मुरी." मी म्हटलं, "अरे, हा माझ्याहून जाड हाय!" आमची मुरी करंगळीएवढी, अंगावर ठिपके. पण नदीतली वाळूच उपसून नेली, आता मुरी मुरणार कशात? मासा गेला, नाव दुसऱ्याच माशाच्या अंगाला चिकटलं... म्हणजे तिथंही माझा गोंधळच.

परवा अनिता निवडणं घेऊन माझ्या ओसरीवर आली. आमची घरं आता वेगळी, पण भिंत एकच. म्हणाली, "काकू, त्या दिवशी मोरीत नेलं ना, तर आत्याबाईंनी काहीच केलं न्हाई. बादली पायानं सारली, दगडावर बसल्या आणि कडेला सरकल्या. पडताल म्हनलं तरी ऐकंनात. शेजारी एवढी जागा मोकळी."

"कुठल्या कडेला गं?"

"रांजणाकडं."

मोरीतल्या त्या दगडावर आम्ही दोघी मासे घासायचो, हाताला राख लावून, नाहीतर मुरी निसटते. गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. आक्का रांजणाकडं, मी भिंतीकडं.

मग काय समजायचं? मोरीच मागितली असेल. पण मग जागा कुणासाठी ठेवली? आणि मला हाक मारली असेल, तर मी मात्र ती ओळखूनही खाटेशीच बसून राहिले, वाट बघत... विचार केला की सगळं पुन्हा गढूळ होतं. हल्ली त्यांच्या घरी गेले की पाय धुवायचं निमित्त करून मोरीत जाते आणि दगडावर भिंतीकडच्या बाजूला बसते. रांजणाकडची जागा मोकळी ठेवते. अनिता बाहेरून हाक मारते, "काकू, आत काय करताय एवढा वेळ?"

"मुरतेय गं," मी म्हणते.