मखर उडवणारी वहिनी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुलतान बाजारात चप्पल शिवायला दिली होती. फोन पुतण्याचा, मिलिंदचा. आजारी आईला भेटायला तो अमेरिकेहून आला होता. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. मी एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असा जो सुटलो, तो थेट जामबागेत त्यांच्या दारात. वाटेत बसगाड्या थांबल्या, रिक्षावाले बाजूला झाले, आणि एक सांड तर मला बघून चक्क गल्ली बदलून गेला... वहिनी असती तर खोलीतून ओरडली असती, "भाऊजींचं बोलणं निम्म्यानं घ्या गं!" चाळीस वर्षं ती आल्यागेल्याला हेच सांगत आली. तेव्हा तुम्हीही निम्म्यानं घ्या. सांड नव्हता, कुत्रा होता.

खोलीत बायका बसल्या होत्या. त्यातली एक हळू आवाजात म्हणाली, "फार सोशिक होत्या हो मालतीबाई. शांत अगदी." मला रडू येत होतं ते जागच्या जागी थांबलं. सोशिक? मी म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीच्या घरात आलात." सगळ्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पाहू देत. माणूस गेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवायची जी आपली रीत आहे ना, ती मला मान्य नाही. म्हणून हा लेख.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर दरवर्षी वहिनी करायची. जुन्या इलेक्ट्रिक शेगडीतली तार काढून तिनं ती बांबूच्या कामटीला धनुष्यासारखी ताणली होती. तारेला वीज दिली की ती लाल व्हायची आणि थर्माकोल लोण्यासारखा कापला जायचा. मोठा तुकडा असला की धनुष्य दोघांनी दोन टोकांना धरायचं आणि एकाच वेगानं ओढायचं. एकानं घाई केली की कड वाकडी. वेग जुळावा म्हणून वहिनी आरती म्हणायची, आणि दुसरं टोक धरणाऱ्यानं तिच्याबरोबर म्हणायची. हे दुसरं टोक धरणारा म्हणजे मी. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात वर केले होते. "मला बँकेत जायचं असतं," म्हणायचा. पहाटे पाचलाही त्याला बँकेत जायचं असायचं.

मग ते दिवस आले. देशाची दारं उघडली म्हणत होते. आमच्या गल्लीत त्यातून पहिल्यांदा रंगीत टीव्ही आत आले आणि तरुण पोरं बाहेर गेली. मिलिंद कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला. जाण्याआधी कुणा मित्राकडून त्यानं रिमोटवर उडणारं विमान मिळवलं, गच्चीबावलीच्या माळावर नेलं आणि पहिल्याच फेकीत एका धोंड्यावर आपटलं. आज तिथे काचेचे मनोरे आहेत. तेव्हा नुसते हत्तीएवढे धोंडे आणि वारा. तो मोडकं विमान पलंगाखाली सारून निघून गेला. वहिनीनं पलंगाखालचा केर काढताना त्यातली मोटर, बॅटऱ्या आणि रिमोट बाहेर काढला, पदरानं पुसला आणि मला म्हणाली, "भाऊजी, ह्याला नुसतं अंग नाहीये. अंग आपण करू."

पहिली सहा विमानं तिनं मोटर न लावता नुसती गच्चीवरून फेकून पाहिली. (बारा लिहिणार होतो, पण आता ती नाही म्हणून निम्म्याचं काम मलाच करावं लागतंय.) फेकायच्या आधी थर्माकोलचा एक दाणा चिमटीतून सोडायची आणि तो कुठे जातो ते बघायची, तेच तिचं हवामान खातं. धडासाठी तिनं नवीन युक्ती काढली. टीव्हीच्या दुकानांबाहेर जाहिरातीचे फोमबोर्ड टाकलेले असायचे, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कागद लावलेले. हलके आणि ताठ. ते ती घेऊन यायची. मग मोटर बसवली आणि रिमोट हातात घेतला. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं, तिथे भलेभले गोंधळतात. वहिनी म्हणाली, "आरशात बघून वेणी घालणाऱ्या बाईला हे शिकवायला नको."

ही बातमी मंडळात पोचली. अध्यक्ष होते नानासाहेब. बेगम बाजारात त्यांचं प्लास्टिक सामानाचं घाऊक दुकान, आणि त्या वर्षी दुकानात रेडिमेड मखरं आलेली. दिवे लुकलुकणारी, धुऊन पुन्हा वापरता येणारी. भर सभेत ते म्हणाले, "मालतीबाई, आता तुम्ही थकलात. पुढच्या वर्षीपासून रेडिमेड आणू. ह्या वयात विमानं उडवताय म्हणे... शोभतं का?"

वहिनी उभी राहिली. "यंदा पंख पसरलेल्या मोराचं मखर करतेय. विसर्जनाला ते तळ्यात जाणार नाही. त्याच पंखांचं विमान होईल."

"देवाच्या मखराचं विमान? विटंबना आहे ही!"

"दरवर्षी चिखलात बुडवता ती विटंबना नाही, आणि मी वर पाठवलं की विटंबना?"

नानासाहेब लाल. शेवटी म्हणाले, "उडालं तर जन्मभर मखर तुम्ही करा. नाही उडालं तर रेडिमेड." दादानं घरी येऊन कपाळाला हात लावला. "हरलीस तर?" वहिनी म्हणाली, "तर माझ्या हातात लाटणं तेवढं उरेल. म्हणून हरायचं नाही."

मोर झाला. काय मोर! पिसारा बघायला नेहरू प्राणिसंग्रहालयातले मोर रजा टाकून आले असते. आणि स्थापनेच्या सकाळी नानासाहेबांना वाटलं, पाहुणे येणार, थोडी चमक हवी. त्यांनी दुकानातून सोनेरी स्प्रेचा डबा आणला आणि उजव्या पंखावर फवारला. थर्माकोलला स्प्रेचा रंग म्हणजे मिठाच्या खड्याला पाणी! पंख फसफसला, आक्रसला, त्याला भोकं पडली. वहिनी आली, पाहिलं, आणि इतकंच म्हणाली, "नानासाहेब, मोराला देवी आल्या." मग भोकांत शेवंती खोचली आणि आरतीला उभी राहिली. पण आरतीचं एक कडवं ती चुकली. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी.

विसर्जनानंतर तिनं ती भोकं थर्माकोलच्या चुऱ्यानं भरली आणि वर खळीनं कागद चिकटवला. त्यानं उजवा पंख जड झाला. तेव्हा मूर्तीची उरलेली शाडू माती डाव्या पंखाच्या टोकाला लावून तिनं तोल साधला. रविवारी निघालो. पंख रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. रिक्षावाला वळून म्हणाला, "अम्मा, ये उडता बोलरे ना? तो मेरे आटो में कायकू जारा?"

वहिनी म्हणाली, "जाते वखत तुमारे आटो में, आते वखत अपने पंखां पे."

माळावर अर्धं मंडळ जमलं होतं. नानासाहेब पांढऱ्या सफारीत, स्कूटरला टेकून. वहिनीनं पदर खोचला, दाणा सोडला, वारा पाहिला. "भाऊजी, फेका!" मी फेकलं. विमान जमिनीकडे झुकलं... आणि मग गवताला पोट घासत ते वर उठलं. सोनेरी डागांचा मोर धोंड्यांवरून, लोकांवरून, थेट उन्हात. पोटावर टीव्हीच्या जाहिरातीतली ओळ मोठ्या अक्षरांत दिसत होती: 'आसान किस्तों में'. दोन घारी बघायला आल्या, आणि हे निम्मं करायचं नाही, खरंच आल्या. वहिनी रिमोट छातीशी धरून वर बघत होती. त्या क्षणी ती कुणाची आई नव्हती, वहिनी नव्हती. कोण होती ते मला सांगता येत नाही, पण तिच्यापुढे उभं राहायची माझी छाती नव्हती.

मग वारा फिरला. उजवा पंख, तो देवी आलेला, कटकन मोडला. विमान खाली आलं ते खरोखरच आसान किस्तों में: आधी पंख, मग शेपूट, शेवटी नाक, आणि नाक नेमकं नानासाहेबांच्या स्कूटरच्या सीटवर.

"पडलं!" नानासाहेब ओरडले. "पडलं की नाही?"

वहिनी शांतपणे चालत गेली, नाक उचललं. "पडायला आधी वर जावं लागतं, नानासाहेब. तुमचं रेडिमेड पाडून दाखवा बरं, कुठून पाडता ते."

पहिला हसला तो रिक्षावाला. मग सगळा माळ. नानासाहेबांनी शब्द पाळला, हे मात्र त्यांच्याबद्दल मान तुकवून लिहितो. गेल्या वर्षीपर्यंत मखर वहिनीचंच होतं, आणि दरवर्षी विसर्जनानंतर ते उडत होतं. माळ गेला तर आम्ही पुढच्या माळावर गेलो. तो गेला तर त्याच्या पुढच्या.

परवा मंडळाची नवी मंडळी वहिनीच्या घरी मला भेटायला आली. चहा घेऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "काका, आता यंदा रेडिमेडच बघतो. तुम्हाला कशाला त्रास." मी त्यांना दरवाजापर्यंत पोचवलं, आणि दरवाजा लावायच्या आधी सांगितलं, "मखर घरातूनच येईल."

ते धनुष्य स्वयंपाकघराच्या दारामागे, जिथं ती टांगायची तिथंच आहे. काल काढलं. वीज दिली. तार लाल झाली, आणि तो जळका गोडसर वास घरभर पसरला... मिलिंद आतल्या खोलीतून बाहेर आला. त्यानं दुसरं टोक धरलं. मी आरती सुरू केली. पहिलं कडवं तो माझ्याबरोबर म्हणाला. दुसरं त्याला येत नव्हतं, तिथे वेग चुकला आणि पंख वाकडा निघाला. आम्ही दोघांनी तो पंख उचलून उजेडात धरला. चांगलाच वाकडा होता. मिलिंदनं खालचा एक दाणा उचलला आणि चिमटीतून सोडला.

यंदा उडेल. हे निम्म्यानं घेऊ नका.