गोचिडींची सुईण

आमच्या दादाला त्याच्या प्रयोगशाळेत सगळे ‘सुईण’ म्हणत, आणि त्याला वाटे की कौतुकाने म्हणतात. काम मात्र खरंच सुईणीचं होतं. गाईच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडींच्या माद्या त्याच्याकडे येत. तिथे त्यांना बाळंतिणीच म्हणायचे. दादा त्यांना औषधाच्या पाण्यात बुडवायचा, टिपून कोरड्या करायचा, चिकटपट्टीवर उताण्या चिकटवायचा आणि अंडी घालायची वाट बघत बसायचा. मग अंड्यांचं वजन करायचं, ती नळीत भरायची, वर कापसाचा बोळा लावायचा आणि नळी उबेच्या कपाटात ठेवायची. औषधाने मादी मेली तर प्रश्नच मिटला. पण पुष्कळदा ती मरत नाही. अंडी कमी घालते, किंवा घालते ती फुटत नाहीत. दादाचं सगळं आयुष्य त्या ‘किंवा’त गेलं. वहिनीच्या बाळंतपणात हा गडी दारातच चक्कर येऊन पडला होता, ते सोडा.

एकदा एका नव्या औषधाच्या नळ्यांतून एकही पिल्लू बाहेर पडलं नाही. दादाला आभाळ ठेंगणं झालं. ताडून बघायला म्हणून काही बाळंतिणी नुसत्या साध्या पाण्यात बुडवलेल्या असतात. त्यांचीही अंडी फुटली नव्हती. इथे तरी माणसाने डोकं खाजवावं! याने उलट छाती फुगवली. “औषध इतकं जालीम आहे,” मला म्हणाला, “की शेजारच्या नळ्यांना नुसता वास बाधला.”

जालीम होता तो बिस्किटांचा डबा. उबेच्या कपाटात खालच्या फळीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवावं लागतं. हवा दमट राहिली तरच अंडी फुटतात, नाहीतर सुकून सुरकुततात. दादा त्याच कपाटात आपली बिस्किटं ठेवायचा. पाण्यामुळे ती सादळायची, म्हणून आमच्या या साहेबांनी भांडंच काढून टाकलं. हे सगळं पुढे उघडकीला आलं. तोवर बिस्किटं मात्र छान कुरकुरीत राहिली.

आमची अक्का आम्हा दोघांपेक्षा थोरली. गाई राखून तिने संसार ओढला. त्यातली तांबडी म्हणजे तिचा जीव की प्राण. तांबडीची आई वितानाच गेली, तेव्हा अक्काने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. गोचिडी होऊ नयेत म्हणून अक्का कंबर धरत धरत गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा पत्र्याने खरवडायची आणि निघतील त्या गोचिडी नि अंडी रॉकेलच्या डब्यात टाकायची. दादा औषधाची बाटली घेऊन तिथे अवतरला.

“अक्का, हे खरवडणं आजपासून बंद. एवढं औषध गाईंना लाव. गोचिडी पडू देत खाली, घालू देत अंडी. सगळी वांझ!”

“ज्याला त्याला वांझ ठरवायची घाई करू नको रे,” अक्का म्हणाली. “माझ्या सासूनेही केली होती. मग पाठोपाठ तीन झाली, तेव्हा तिला तोंड लपवायला जागा उरली नाही.”

“तुला यातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर तुझं ऐकायचं.”

आणि तिने ऐकलं. घरातला एवढा शिकलेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिने पत्रा टांगून ठेवला. कंबरेलाही बरं वाटलं.

गोठ्यात बिस्किटं नव्हती. ओल होती, ऊब होती, आणि भेगा तर होत्याच. सगळी अंडी फुटली. एके सकाळी अक्काने भिंतीला हात लावला तर तिच्या मनगटावर बारीक तांबूस पिल्लांची रांग चढली. तोवर ती गाईंच्या अंगावरही पोचली होती. तांबडीला गोचिडीचा ताप भरला. ती रवंथ करेना, तिची लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. डॉक्टरने सुई टोचली आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. अक्काने तिच्या तोंडाशी हिरवा घास धरला, तो तिने हुंगलाही नाही. संध्याकाळी तांबडी गेली.

दुसऱ्या दिवशी दादा आला. मला वाटलं, निदान अक्काजवळ बसेल. हा पठ्ठ्या आधी भिंतीशी वाकला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “पण प्रमाण कमी झालं असेल ना? काही ना काही कमी झालंच असणार, अक्का.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. थोरला भाऊ म्हणून हात आवरला.

“झालं ना,” अक्का म्हणाली. “एक गाय कमी झाली.”

अक्काने शिव्या घातल्या असत्या तर दादाला सोपं गेलं असतं. ती उठली आणि दुसऱ्या गाईच्या कानामागे बोटं घालून गोचिडी चाचपू लागली.