अंबाड्यातली पेन्सिल

"पेन्सिल इकडे," असं म्हणून बाई हात पुढे करायच्या. आपण मुकाट्याने दिली की ती त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात खोचली जायची आणि समोरच्या मुलाचं जेवण उरकेपर्यंत परत मिळायची नाही.

सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं. बेहाला भागातल्या मतिमंद मुलांच्या दोन खोल्यांच्या शाळेत मी गेले तेव्हा आमची नुकतीच कलकत्त्याला बदली झाली होती. नवरा रेल्वेत, बिऱ्हाड गार्डन रीचला, आणि माझ्याकडे मानसशास्त्राची पदवी अन् चाचण्यांच्या सामानाची एक पेटी. काय तोरा होता मला त्या पेटीचा! बाई शाळेच्या मुख्य. तीन पिढ्यांपासून इथेच असलेल्या मराठी घरातल्या. बंगालीच्या सवयीने त्यांच्या मराठीत पाणीसुद्धा 'खाल्लं' जायचं. मी हसले की म्हणत, "हस तू. कळलं ना तुला? मग झालं तर."

मुलांना आपलं म्हणणं कितपत कळवता येतं, हे तपासून लिहिणं माझं काम. पहिलीच मुलगी मिळाली ती खुकू, चौदा वर्षांची. शब्द नाही, बोट दाखवणं नाही, हाक मारली तरी वळणं नाही. मी चेंडू दाखवला, कप दाखवला, बाहुली नाचवली आणि पंधरा मिनिटांत लिहून मोकळी झाले: संवाद, काही नाही. बाईंनी ते वाचलं आणि हात पुढे केला. पेन्सिल गेली.

"आधी महिनाभर जेवू घाल तिला. अन् नुसतं बघ."

आता तुम्हीच सांगा, एम.ए. होऊन डाळभात भरवायचा? पण भरवला. दहाव्या दिवशी मला शोध लागला. भोपळ्याची भाजी पुढे केली की खुकू नाकातून फुर्र करायची! मी धावत जाऊन बाईंना सांगितलं, ती भोपळा नको म्हणते. बाईंनी दुसऱ्या दिवशी मला मासा भरवायला लावला. फुर्र. मग खीर. फुर्र.

"अगं, सर्दी झालीय तिला," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला कळलं म्हणजे तिनं सांगितलं, असं नसतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून चारदा तरी यायचं. त्यामुळे पुढे जे झालं ते सांगताना मला आजही अवघडायला होतं. खुकूच्या नोंदवहीत बाईंच्या हातची एकच ओळ होती: टेबलावर अंगठा वाजवून पाणी मागते. तीन वर्षं सगळे त्या अंगठ्याला पाणी देत आले होते. मला मात्र दिसलं की पेला रिकामा झाल्यावरही अंगठा तसाच वाजतो. दोन दिवस माझी जीभ रेटेना. शेवटी सांगून टाकलं. बाईंचा चेहरा पडला. मग आठ दिवस त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून तो अंगठा बघत राहिल्या. तहान असो नसो, पाणी मिळो न मिळो, अंगठा आपला वाजतच होता.

बाईंनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. "तीन वर्षं पोरीला तहान नसताना पाणी खायला घातलं गं," म्हणत हसायला लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

माझं मात्र डोकं फिरलं. ज्या मुलांना काहीच कळवता येत नाही त्यांना वर्षअखेर शाळेतून काढायचं, असं शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या समितीने ठरवलं होतं. खुकूला आईबाप नव्हते. तिची रवानगी दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली असती, आणि तिला वाचवणारी तेवढी एकच ओळ होती. राहू द्यायची होती की, मी तावातावाने म्हणाले.

"तिच्या नावावर माझं खोटं ठेवू? मग तिचं खरं कोण शोधेल?"

ते शोधायला बाई राहिल्या नाहीत. पूजेच्या सुट्टीत कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत खेळ आटोपला. मी खूप रडले, आणि त्यांचा रागही आला. कोरी वही माझ्या गळ्यात मारून गेल्या होत्या.

शाळा उघडली. खुकूला भरवायला बसले तर पेन्सिल हातातच. मागणारं कोणी नाही. म्हणून मीच ती माझ्या अंबाड्यात खोचली. खुकूचं चावणं थांबलं. कधी कुणाकडे न गेलेला तिचा हात वर आला, पेन्सिलीला लागला, आणि तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. बाई ज्या दाराने येत, त्या दाराकडे.

'बाई कुठे आहेत, असं विचारते' हे लिहायला मी वही ओढली आणि तशीच ठेवून दिली. सर्दी आठवली. दुसऱ्या दिवशी पेन्सिल तिच्या हातात दिली, तिने टाकून दिली. अंबाडा मोकळा ठेवला, हात उठला नाही. दार पाठीमागे येईल अशी तिला बसवली आणि पेन्सिल खोचली, तर ती अख्खी मागे वळली. शाळेतल्या आयाच्या अंबाड्यात खोचली, तिथेही तेच. मग लिहिलं: अंबाड्यात पेन्सिल दिसली की हात लावते, मग दाराकडे बघते. पुढे एक अक्षर नाही.

वर्षअखेर तपासणीला आलेले समितीचे गृहस्थ ते वाचून म्हणाले, एवढंच? याचा अर्थ काय? मी पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि भाताचा घास पुढे केला. खुकूचा हात वर आला, पेन्सिलीला लागला. तिने दाराकडे पाहिलं. आणि ते गृहस्थही वळून दाराकडे बघायला लागले.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "पण तिनं दाखवलं आणि तुम्ही बघितलंत."

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी लिहायला पेन्सिल मागितली. मी ती अंबाड्यातून काढून दिली, आणि 'शाळेतच राहू द्यावे' एवढं त्यांनी फॉर्मवर लिहिलं. खुकू अजून दाराकडेच बघत होती.