दत्तूच्या आतड्याला घेऊन शीळफाट्यामार्गे ठाणे

डोंबिवलीला कुणी सहलीला जात नाही. लोक तिथे राहतात आणि सकाळी तिथून निघून जातात. मी गेलो तो मालतीवहिनींचा फोन आला म्हणून. शेजाऱ्यांकडच्या फोनवरून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना आता तुम्हीच सांगा. आणि येताना तुमचं शास्त्र बरोबर घेऊन या."

हे म्हणजे दत्तू. आम्ही दोघं एका पाठशाळेत एका दांडीवर पंचे वाळत घालत वाढलो. मी पुढे वर्तमानपत्रांना प्रवासाची वार्तापत्रं पाठवू लागलो, दत्तू डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत हिशेबनीस झाला. शास्त्र मात्र त्यानंच जास्त मनावर घेतलं. गेले काही महिने त्याला शौचावाटे रक्त पडत होतं, वजन उतरत चाललं होतं. मोठ्या आतड्याला व्रण झालेत असं निदान होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. गोळ्यांनी आटोक्यात आलं नाही तर मोठं आतडंच काढावं लागेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

नाशिकहून कल्याणला एसटी उत्तम. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत खिडकीची जागा सोडू नये, उतरल्यावर कुणी मागितली तर देऊन टाकावी, पुढे बघण्यासारखं फारसं नाही. शहापूरला वडा गरम मिळतो, चहाबद्दल न बोललेलं बरं. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा वास आला की कल्याण आलं समजावं. तिथून पत्रीपुलावरून डोंबिवलीला रिक्षा येते. रिक्षावाला "मीटर बंद आहे" म्हणेल. मीटर ही तिथे शोभेची वस्तू आहे.

दत्तूच्या घरी पोचलो तेव्हा कारखान्यांकडून वारा आला होता. सडलेल्या बदामासारखा वास. वहिनींनी सवयीनं खिडकी लावली आणि ताटं घेतली.

दत्तूचं ताट पांढरं होतं. मऊ भात, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची पेज.

काशीला गेलं की आवडता एक पदार्थ आयुष्यभरासाठी सोडायचा, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. दत्तूनं काशीत वांगं सोडलं. इथवर ठीक होतं. पण त्याला सोडण्याची गोडी लागली. बढती अडली, केळं सोडलं. वहिनींचं ऑपरेशन झालं, पालेभाज्या सोडल्या. लेक सुमा लहानपणी विषमज्वरानं बेशुद्ध पडली, तेव्हा त्यानं सगळी कडधान्यं आणि ताक सोडलं. सुमा तिसऱ्या दिवशी डोळे उघडून पाणी मागू लागली. तेव्हापासून त्याचा या व्यवहारावर पूर्ण विश्वास होता. रक्त पडू लागल्यावर त्यानं काय केलं असेल? गहू सोडला.

"देवाला तुझ्याकडून येणाऱ्या भाजीपाल्याचं काय करायचं, याची चिंता लागली असेल," मी म्हणालो.

"शास्त्रीबुवा, जेवा," दत्तू म्हणाला. मला चिडवायचं असलं की तो शास्त्रीबुवा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी ठाणे. गाडीनं लवकर पोचता आलं असतं, पण लोकलमध्ये शौचालय नसतं आणि दत्तूला ते कधी लागेल याचा भरवसा नव्हता. म्हणून भाड्याची फियाट. सासरहून, मोहन्याहून सुमा सकाळीच आली होती. तिला पाचवा महिना होता, तरी ती पुढच्या सीटवर बसली. मागे दत्तूला पाय पसरायला जागा हवी होती.

आजवर मी वाचकांना वाटेतली देवळं आणि खानावळी सांगत आलो. या रस्त्यावरच्या वेगळ्या सोयी सांगतो. शीळफाट्याला पेट्रोलपंपामागे एक शौचालय आहे, कडी नाही, बाहेर कुणीतरी उभं राहावं लागतं. मुंब्र्यात बाजारामुळे गाडी अडते, तिथे मशिदीशेजारच्या हॉटेलवाल्यानं काही न विचारता आतलं दार दाखवलं आणि वर पाण्याचा तांब्या भरून दिला. कळव्याच्या पुलाआधी काहीही नाही. तिथे दत्तू डोळे मिटून, मुठी आवळून बसला होता.

"काका, पूल आला की ठाणा आलाच," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "धीर धरा. मी खड्डं चुकवतो."

त्यानं खरंच चुकवले.

डॉक्टर चेंदणीच्या कोळीवाड्यातले. गोल चेहरा, सावकाश बोलणं. दत्तूला तपासून त्यांनी विचारलं, "खाता काय?"

"काय खात नाही ते विचारा," सुमा म्हणाली आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपल्या खाडीत निवटी मिळते, चिखलातली मासळी. ती जिवंत विकतात. माझी आजी ओरडायची, कोरड्या हातानं धरू नको रे. अंगावरची बुळबुळ निघाली की मासोळीला जखमा होतात, टिकत नाही. तशी बुळबुळ तुमच्या आतड्यालाही आतून असते. अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्या ती सारखी पाझरत असतात."

"श्लेष्मा," मी उगाचच म्हणालो. पाठशाळेत आमचा श्लेष्मा फार तर छातीपर्यंत उतरला होता.

"तोच. आता पलीकडे असंख्य जंतू असतात. बहुतेक सज्जन. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात, त्याचं एक आम्ल करतात, आणि अस्तराच्या पेशी त्या आम्लावर जगतात. पेशी धडधाकट तर थर जाड. थर जाड तर जंतू आपल्या जागी आणि पेशी आपल्या जागी, भांडण नाही. थर विरला की जंतू थेट अस्तराला भिडतात, मग शरीर लढायला उठतं. या आजारात तो थर पातळ झालेला दिसतो."

"म्हणजे माझ्या व्रतांमुळे झालं?" दत्तूनं विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. मूळ कारण अजून कुणालाच सापडलेलं नाही. पण तुमच्याकडच्या त्या सज्जनांना तुम्ही वर्षानुवर्षं उपाशी ठेवलंय. आधी गोळ्यांनी रक्त कमी करू. मग मुगाचं पातळ कढण, शिजवून गाळलेल्या भाज्या, ताक. चमच्याचमच्यानं. नाहीतर मला सर्जनशी बोलावं लागेल."

परतीच्या वाटेवर शीळफाट्याला मी परत दाराबाहेर उभा राहिलो.

गोळ्यांनी आठवड्याभरात रक्त कमी झालं. मी तोवर मुक्काम वाढवला होता, सुमाही माहेरीच थांबली होती. मग वहिनींनी मुगाचं कढण केलं आणि मला आणलं होतं त्या कामाची वेळ आली. मी सांगितलं, ज्यांनी व्रत मोडत नाही अशा गोष्टी शास्त्रानंच मोजून ठेवल्यात, त्यांत औषध येतं. दत्तूला ते माझ्याइतकंच पाठ होतं. वांगं, केळं, पालेभाज्या, गहू, सगळ्यांना त्यानं तिथल्या तिथे मुक्ती दिली. वाटी मात्र बाजूला सारली.

"हे सुमाचं आहे," तो म्हणाला.

"अरे, औषध आहे."

"डॉक्टर औषध म्हणाले नाहीत. अन्न म्हणाले. तेही जंतूंचं. जंतूंसाठी मी माझ्या पोरीसाठी धरलेलं व्रत मोडू? आणि आत्ता, तिला दिवस असताना?"

पाठशाळेत वादात तो मला नेहमीच हरवायचा.

सुमा समोर येऊन बसली. "बाबा, मग मीपण सोडते. तुम्ही हे खाईपर्यंत डाळ नाही, उसळ नाही, ताक नाही."

"अगं, वेडी का तू? पोटात बाळ आहे."

"मी तुमचीच आहे. सोडलं म्हणजे सोडलं."

वहिनी भिंतीला टेकल्या. मग दत्तूनं चमचा उचलला. निम्मं कढण बनियनवर सांडलं. उरलेलं त्यानं गिळलं, आणि लगेच सुमाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी नाशिकला परतलो त्याला आता बरेच महिने झाले. खर्च फियाटचा सोडला तर किरकोळ. आतडं वाचलं. डॉक्टर म्हणतात श्रेय मुख्यतः गोळ्यांचं, पण कढण चालू ठेवा. सुमाला मुलगा झाला, दोघं ठणठणीत आहेत. तरी दत्तू रोज संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन मोहन्याला फोन लावतो आणि "बरी आहेस ना?" एवढंच विचारतो. नातवाला सर्दी झाली तेव्हा तो दोन दिवस ऑफिसला गेला नाही. आता सोडायला त्याच्याकडे काही नाही, आणि सोडलं तर काही होतं यावर विश्वासही उरलेला नाही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पोट सुधारलं, पण झोपत नाहीत हो."

इतकी वर्षं त्याच्या आणि जगाच्या मध्ये त्या सोडण्याचाच एक थर होता. डॉक्टरांच्या आजीचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी त्याला धरलं ते कोरड्या हातांनीच.