धुतलेला हौद

१२ फेब्रुवारीला सूत रंगवणाऱ्या त्या कारखान्याला एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपयांच्या दंडाची नोटीस आली. मागच्या ओढ्यात लाल पाणी सोडल्याबद्दलचा हा दंड होता. खाली आणखी एक ओळ होती : तीन महिन्यांत पाणी सुधारले नाही, तर कारखाना बंद.

कारखान्यात एकतीस माणसे होती. त्यांत सर्वांत जुने रंगारी मास्तर. चौतीस वर्षे ते रंगाच्या टाक्यांपाशी उभे राहिले होते. लाल रंगाच्या सात छटा ते नुसत्या नजरेने सांगत आणि सहसा चुकत नसत.

मोठे यंत्र घेण्याची मालकांची ऐपत नव्हती. वाट सापडली ती मास्तरांच्या मेव्हणीकडे. ती मशरूम पिकवायची. पीक काढून झाले की पांढऱ्या बुरशीने भरलेल्या पेंढ्याच्या पिशव्या तिच्या शेडमागे पडून राहत. लाकूड कुजवणारी ही बुरशी रंगही खाते, असे तिने एका शिबिरात ऐकले होते. मास्तरांनी बादलीभर लाल पाण्यात एक पिशवी सोडून पाहिली. सहाव्या दिवशी पाणी फिकट चहासारखे झाले.

मग दोन हौद बांधले. पहिल्यात बुरशीचा पेंढा, दुसऱ्यात लाकडी कोळसा आणि भुसा. बुरशीने रंग तोडायचा, उरलासुरला कोळशाने धरून ठेवायचा. देखरेख मास्तरांकडे आली. सकाळ-संध्याकाळ ते पाण्यात हात घालून बघत, फार गार तर नाही ना.

मेव्हणी बहिणीला म्हणाली, "ताई, तुला बरं नसताना भाओजींनी कधी असा हात लावून पाहिला होता का गं?"

"मी बुरशी असते तर पाहिला असता," मास्तरांची बायको म्हणाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर पहिल्या हौदापाशी उभे राहिले आणि त्यांचे मन विटले. भिंतींवर बुळबुळीत थर, पाण्यात लोंबणारे तंतू, आंबूस वास. एका रंगाची टाकी दुसऱ्या रंगाला द्यायची तर तिच्यात बोट फिरवून बोट कोरे निघाले पाहिजे, हे त्यांनी जन्मभर पाळले होते आणि तीन शिकाऊ पोरांना कान उपटून शिकवले होते. उद्या परकी माणसे येणार आणि हौद असा? त्यांनी बाह्या सरसावल्या. पेंढा बाहेर काढला, ब्लीचिंग पावडर टाकून भिंती घासल्या, पेंढाही त्याच पाण्यात खळबळून पुन्हा आत ठेवला. हौद लखलखीत झाला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सकाळी तपासनीस बाई आल्या. दुसऱ्या हौदाच्या नळाखाली त्यांनी बाटली धरली. पाणी नितळ होते. मालकांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मास्तर मात्र नळाखालच्या पांढऱ्या फरशीकडे बघत होते. धार पडत होती तिथे सातव्या छटेची, सर्वांत फिकी लाली चढू लागली होती. दुसऱ्या कोणाला ती दिसली नसती. ते पहिल्या हौदाशी गेले, पेंढ्याची मूठ दाबली, वास घेतला. काल त्यांनी घाण धुतली नव्हती, कामकरी धुऊन टाकला होता. आता सगळा भार एकट्या कोळशावर होता. तो चार दिवसांत भरला असता आणि ओढा पुन्हा लाल झाला असता.

बाई बाटलीवर सील लावत होत्या. गप्प बसले तर एकतीस घरांची चूल आजच वाचत होती.

"बाई, ही बाटली हिशोबात धरू नका," मास्तर म्हणाले. "हे पाणी चार दिवसांचं आहे. मी काल बुरशी मारली."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का?" मालक उठले.

"काल नव्हतं."

बाईंनी बाटली खाली ठेवली. "कशाने मारली?"

"स्वच्छतेने," मास्तर म्हणाले, आणि सगळे जसे घडले तसे सांगितले.

बाईंनी बराच वेळ लिहिले. दंड कायम राहिला, हप्त्यांनी भरण्याची मुभा मिळाली. फेरतपासणीला एकवीस दिवस दिले. मालक आठवडाभर मास्तरांशी बोलले नाहीत.

मास्तर हातगाडी घेऊन मेव्हणीकडे गेले.

"पहिल्या पिशव्या नात्यातल्या होत्या, भाओजी," ती म्हणाली. "या वेळी तीस रुपयांना एक. तुमच्या हाताला अद्दल नको घडायला?"

त्यांनी बारा पिशव्या नेल्या. हौदाच्या भिंतींवर पुन्हा थर धरला, तंतू लोंबू लागले. घासायची सवय हातातून गेली नव्हती, म्हणून मास्तर तिथे हात पाठीमागे बांधून उभे राहत. एकविसाव्या दिवसापासून सलग पाच दिवस बाईंनी रोज एक बाटली नेली. पाचही कसोटीला उतरल्या, आणि कारखाना चालू राहिला.

बारा पिशव्यांचे तीनशे साठ रुपये झाले. मास्तरांनी दोनशे दिले आहेत. एकशे साठ द्यायचे आहेत.